पालाशाचा रकाना

प्रति,
खताचे दर आणि अनुदान ठरवणारे साहेब,



शेगाव तालुक्यातून लिहितोय. तुमच्यातले पुष्कळ जण इकडे येऊन गेले आहेत. महाराजांच्या समाधीचं दर्शन घेता, कचोरी बांधून घेता आणि परतीच्या गाडीला लागता. कधी दर्शन आटोपल्यावर उत्तरेला, पूर्णा नदीच्या अंगाला गाडी वळवली असती, तर आमची वावरं दिसली असती. काळीभोर जमीन, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा, आणि खाली खारं पाणी. त्याच वावरातलं सोयाबीनचं एक पान समोर ठेवून हे पत्र लिहितोय.

पान गेल्या भादव्यात तोडलेलं आहे, हिशेबाच्या वहीत दाबून ठेवलं होतं. तोडलं तेव्हा मधोमध हिरवंगार होतं, शिरा ठसठशीत. फक्त कडा पिवळ्या पडून करपल्या होत्या. भाकर तव्यावर फिरवायची राहिली की जशी एका अंगाने जळते, तशा. अशी पानं पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, करपा आला. बुरशीनाशक आणलं, दोन फवारण्या मारल्या. पानं तशीच राहिली, पैसे गेले. मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारा गावातलाच एक पोरगा बांधावर उभा राहून म्हणाला, "काका, हा रोग नाही. खालच्या पानांच्या कडा जळतात म्हणजे झाड उपाशी आहे. पालाश कमी पडलंय."

मला ते माहीत असायला हवं होतं. झाडाची ही भूक ओळखायला तुम्हीच शिकवलं होतं, साहेब. पोतं परवडेनासं झालं तेव्हा मी ते शिक्षणही डोक्यातून काढून टाकलं होतं.

आठवतं का तुम्हाला, तुम्ही काय काय शिकवलं होतं?

त्याच्याही आधी आम्हाला वेगळंच सांगितलं जायचं. विदर्भाची काळी जमीन म्हणजे पालाशाचं कोठार, वरून द्यायची गरज नाही. तुमच्याच खात्याची माणसं हे सांगायची आणि आमचे बाबा मान डोलवायचे. ते खोटं नव्हतं. आमच्या चिकण मातीत पालाश खरंच आहे. शिवाय त्या काळात वावरातून गेलेलं पालाश वावरात परत यायचं. ज्वारीच्या दाण्यात ते थोडंच असतं, बाकी सगळं ताटात राहतं. कडबा गोठ्यात जायचा, बैलांच्या शेणामुतातून उकिरड्यावर यायचा आणि उन्हाळ्यात बैलगाडीने वावरात पसरला जायचा. पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जायच्या. चूल थंडावली की आई राख सुपात भरायची आणि कांद्याच्या, वांग्याच्या वाफ्यात नेऊन फेकायची. तिला पोटॅश हा शब्द ठाऊक नव्हता. मला मात्र कुणी पालाश म्हटलं की अजून त्या कोमट राखेचा वास येतो.

मग ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनचा दाणाच पालाश भरभरून नेतो, आणि दाणा तर सगळा बाजारात जातो. २००२ नंतर बीटी कापूस आला. एका झाडावर पहिल्याहून जास्त बोंडं, आणि ती सगळी एकदम भरायची. बैलजोड्या विकल्या गेल्या. घरात गॅस आला, चुलीची राख संपली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा तुम्ही सांगितलंत, पऱ्हाटी वावरात ठेवू नका. आम्ही नाही ठेवली. म्हणजे कणगीच्या तळाशी दाणे आहेत या भरवशावर आम्ही रोज काढत राहिलो आणि वरून टाकणं मात्र एकेक करून बंद झालं.

हे मला कुणी सांगितलं? तुमच्याच माणसांनी. २००९ सालची गोष्ट. त्या साली पावसाने देशभर दगा दिला होता. आमच्या गावात येणारे एक कृषी सहायक होते, त्यांनी माझ्या अर्ध्या एकरात लाल पोटॅशचं प्रात्यक्षिक घेतलं. बाबा बांधावर उभं राहून बघत होते. सहायकांनी ओंजळभर तांबडे खडे हातात घेऊन दाखवले आणि सांगितलं, यात शंभरात साठ भाग पालाश. पालाश असलं की पानाची छिद्रं वेळेवर मिटतात, पावसाचा खंड पडला तरी झाड पाणी धरून राहतं. कापसाचा धागा लांब होतो तो पेशीने ओढलेल्या पाण्याच्या ताणाने, आणि ते पाणी ओढायला पालाश लागतं.

बाबांचा विश्वास नव्हता. म्हणाले, "जमिनीला पोत्याची सवय लावू नको. पोतं आपलं नाही."

मी त्यांच्याशी भांडलो. तुमच्या बाजूने भांडलो, साहेब. त्या अर्ध्या एकरातली बोंडं चारी पाकळ्या उघडून उमलली. बाजूच्या तासांमध्ये अर्धवट फुटलेली, कवडीसारखी टणक बोंडं होती. वेचताना नखं दुखायची. बाबांनी दोन्हीकडची बोंडं हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता घरी गेले. पुढच्या साली त्यांनीच विचारलं, "लाल खत आणलं का?"

तेव्हा पोतं सव्वादोनशेच्या आत मिळायचं. टनाला ४,४५५ रुपये भाव होता, तुम्हीच बांधून दिलेला. आमच्या कोरडवाहू कापसाला आणि सोयाबीनला हेक्टरी ३० किलो पालाश सांगितलेलं. पन्नास किलोच्या पोत्यात बरोबर ३० किलो पालाश असतं. म्हणजे अडीच एकराला एक पोतं. इतकं सोपं गणित होतं की बाबांनाही पाठ झालं.

मग १ एप्रिल २०१० आला.

त्या दिवसापासून अन्नघटकावर आधारित अनुदान सुरू झालं. त्याआधी संसदेत तुम्ही काय सांगितलं होतं ते आठवा. खतांचा वापर समतोल होईल, जमिनीचा पोत सुधारेल, उत्पादन वाढेल. बदलाच्या त्या पहिल्या वर्षात भाव चालू भावाच्या आसपासच ठेवू. पुढे अनुदान थेट शेतकऱ्याच्या हातात देऊ. आम्ही रेडिओवर ऐकलं आणि खरं मानलं. का नाही मानायचं? समतोल हा शब्द तर आम्ही नुकताच तुमच्याकडून शिकलो होतो. चारास दोन, दोनास एक. नत्र, स्फुरद, पालाश.

पहिलं वर्ष शब्द पाळलात, हे मी विसरलेलो नाही. दुसऱ्या वर्षी भाव सुटला. २०१२ मध्ये सव्वादोनशेचं पोतं आठशेच्या पुढे गेलं. कंपन्यांना भाव ठरवायची मोकळीक होती आणि तुमचं अनुदान ठरावीक. जगात भाव चढला की सगळा चढ आमच्या अंगावर. आणि युरिया? तो या पद्धतीतून बाहेर ठेवलात. त्याचा भाव त्याच वेळी थोडा वाढवलात, पुढे त्याला फारसा हात लावला नाही.

आता मला सांगा, समतोल कुणी बिघडवला?

तुमच्या भाषणांतून, जाहिरातींतून, दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून आम्ही एकच ऐकतो: शेतकरी युरियाचा अतिरेक करतो, त्याला समज नाही, त्याचं प्रबोधन करायला हवं. साहेब, हे वाक्य फार लागतं. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडलाय, तुम्हीही मांडून बघा. २०१० च्या आधी युरियातलं नत्र किलोला साडेदहा रुपये पडायचं आणि पोटॅशमधलं पालाश साडेसात रुपयांच्या आत. पालाश नत्राहून स्वस्त होतं! आज ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत. आणि पोटॅशचं पोतं १,७०० ला गेलं तेव्हा पालाश किलोला साडेछप्पन्न रुपयांच्या वर पडलं. दुकानातला भावाचा फळा तुमच्या दरांनी लिहिला जातो आणि अडाणी ठरतो तो फळ्यासमोर उभा असलेला माणूस?

२०२२-२३ मध्ये देशात पालाशाच्या एका भागाला नत्राचे जवळपास बारा भाग पडले. चाराचं प्रमाण आम्हाला तुम्ही शिकवलं होतंत. बारावर कुणी नेलं?

नुसत्या भातावर पोरगं वाढवलं तर ते वाढतं, गुबगुबीतही दिसतं. पहिल्या तापात आडवं होतं. युरियावर वाढलेलं पीक तसंच असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला हिरवंगार दिसतं. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस पाठ फिरवली की त्याची मान पडते.

२०२३ चा ऑगस्ट आठवतो का? देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून तो नोंदला गेला. त्याच महिन्यात आमचं सोयाबीन शेंगा धरायच्या अवस्थेत होतं. त्या साली मी सोयाबीनला पोटॅश टाकलं नव्हतं. आदल्या सालीही नव्हतं. एकच पोतं आणलं, ते कापसाला पुरवून पुरवून टाकलं. दुपारी वावरात उभं राहिलं की पानं उलटी होऊन पांढुरकी दिसायची. मी तेरा शून्य पंचेचाळीस हे पानावर फवारायचं पालाशाचं खत आणलं, पंपाला दीडशे ग्रॅम टाकून फवारलं. पण तहानेने जीव चाललेल्याच्या ओठाला ओलं फडकं लावावं तसं ते होतं. जे मुळाशी जायला हवं होतं ते जूनमध्येच जायला हवं होतं.

त्याच साली दिवाळीच्या तोंडावर, २५ ऑक्टोबरला तुम्ही रब्बीचे दर जाहीर केलेत. पालाशाचं अनुदान किलोला २ रुपये ३८ पैसे.

पुन्हा वहीकडे येतो. २०२२ च्या खरिपात हेच अनुदान किलोला २५ रुपये ३१ पैसे होतं. पोत्यामागे ७५९ रुपये. युद्ध पेटलं होतं, रशिया आणि बेलारूसचा माल अडला होता, लिथुआनियाच्या बंदरातून बेलारूसचं पोटॅश निघणं बंद झालं होतं, आपल्याला टनाला ५९० डॉलरने सौदा करावा लागला. तुम्ही त्या वेळी हात मोकळा सोडलात, हे मी मान्य करतो. नसता सोडला तर पोतं अडीच हजारांना गेलं असतं. २०२३ च्या खरिपात अनुदान १५ रुपये ९१ पैसे झालं, पोत्यामागे ४७७. आणि रब्बीत २ रुपये ३८ पैसे, म्हणजे पोत्यामागे ७१ रुपये.

तुमचं म्हणणं असेल, जगात भाव उतरला. उतरलाच. ५९० वरून ४२२, मग ३१९ डॉलर. पण मग पोतं का नाही उतरलं? ते सोळाशे-सतराशेच्या घरातच बसून राहिलं. भाव चढला तेव्हा सांगितलंत, जग महाग झालंय. भाव उतरला तेव्हा अनुदान काढून घेतलंत. जगातली महागाई आमच्यापर्यंत पोचते आणि स्वस्ताई बंदरातच अडते, हे कसं? पुढे २०२४ चा खरीप आला, त्याच्या मागोमाग रब्बी आला, २०२५ चा खरीप आला. आकडा तोच, २ रुपये ३८ पैसे.

७१ रुपये, साहेब. एका पोत्याला. याला अनुदान म्हणताना तुमची जीभ अडखळत नाही?

पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं आहे. तुम्ही आम्हाला एक गोष्ट पटवलीत आणि ती पटल्यावर हात काढून घेतलात. मुळात पटवलंच नसतं, तर आईसारखे आम्हीही राख टाकत राहिलो असतो. आता राख नाही आणि पोतंही नाही.

आता कार्डाचं सांगतो. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगढला मृदा आरोग्य कार्डाची योजना सुरू झाली. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीची पत्रिका मिळणार, बारा तपासण्या होणार, आणि त्या बघून तो नेमकं खत टाकणार. मला फार आवडली होती ती कल्पना. आजही आवडते. माझं कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्यासोबत ठेवलंय.

पण माझ्या वावरातली माती कुणी नेलीच नव्हती. कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यायचा, असा तुमचा नियम होता. त्या दहा हेक्टरांत आमच्याकडे सात-आठ खातेदार असतात. कुणाचं वावर नाल्याकाठचं, कुणाचं टेकाडावरचं, कुणी दरसाल शेणखत टाकणारा, कुणी वीस सालांत गाडीभर न टाकलेला. सगळ्यांच्या कार्डावर एकच मजकूर. माझ्या कार्डावर पालाशाच्या रकान्यात लिहून आलं: भरपूर.

भरपूर! त्याच वावरात पुढे पानांच्या कडा जळाल्या.

आमच्याकडे हेक्टरी ३६० किलोच्या वर उपलब्ध पालाश निघालं की ते अत्यंत भरपूर धरतात. काळ्या चिकण मातीत एवढं सहज निघतं. पण माती ते पिकाला हवं त्या वेळी, हवं तेवढं सोडते का, हा वेगळा प्रश्न आहे. काळ्या जमिनीला हलक्या जमिनीच्या मापाने मोजू नये, असं सांगणारे मातीचे अभ्यासक आपल्याकडे आहेत. तुम्ही त्यांना ओळखता. त्यांचे अहवाल तुमच्याच कपाटात आहेत. मग आमच्या कार्डावर जुनंच माप का?

आणि आमची जमीन तर खारपाणपट्ट्यातली. अकोला, अमरावती, बुलडाणा, तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा पट्टा तुम्हाला नकाशावर पाठ असेल. इथल्या मातीत आणि पाण्यात सोडियम आहे. मुळापाशी सोडियम आणि पालाश एकमेकांना ढकलतात. सोडियम जास्त असला की तो पालाशाची जागा बळकावतो. म्हणून आम्हाला पालाश इतरांहून जास्त जपून द्यायला हवं. शिवाय लाल पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं. आधीच खाऱ्या रानात तो आणखी खार. आमच्यासाठी सल्फेटचं पोटॅश बरं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. त्याचा भाव विचारून आम्ही दुकानातून परत आलोय. खारपाणपट्ट्याच्या नावाने इतक्या बैठका झाल्या. त्यातल्या एका तरी बैठकीत पालाशाचा विषय निघाला होता का?

आमच्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. गावचे म्हातारे म्हणतात, खार आपल्या नशिबातच आहे. पण लोणारचा खार सोड्याचा. पालाशाचा एकही खडा या देशाच्या खाणीतून अजून निघत नाही. आमच्या वावरातलं पोटॅश कॅनडातून येतं, रशियातून येतं, मृत समुद्राच्या काठावरून येतं. कॅनडात कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ एक-एक किलोमीटर खोलीवरून खणून काढतात, जहाजात भरतात, बंदरातून ते वाघिणींत चढतं आणि शेवटी शेगावच्या रानात चाड्यावरच्या मुठीतून पडतं. जगाच्या पाठीवरून इथवर येणाऱ्या वस्तूला भाव लागणार, हे न कळायला आम्ही दूधखुळे नाही.

पण राजस्थानचं काय झालं? नागौर ते गंगानगर या पट्ट्यात जमिनीखाली पालाश आहे, हे भूगर्भवाल्यांना कित्येक दशकांपासून माहीत आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथलं खाणकाम जमेल का हे तपासण्यासाठी तीन पक्षांचा करार झाला, तेव्हा वाटलं की आता परदेशावर अवलंबून राहणं कमी होईल. २०२३ मध्ये पोटॅशचं नाव महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलंत. २०२५ मध्ये लिलाव झाले. गंमत नाही, जीव तुटतो म्हणून सांगतो: कार्डाची घोषणा जिथून केलीत ते सुरतगढ त्याच गंगानगर जिल्ह्यात आहे. आमच्या मातीला काय हवंय ते लिहून द्यायचं वचन तुम्ही जिथून दिलंत, तिथल्याच मुलखाच्या पोटात ते आहे.

आणि मळीचं पालाश? उसाच्या मळीपासून दारू-इथेनॉल काढल्यावर जे सांडपाणी उरतं ते जाळून त्याच्या राखेतलं पालाश खत म्हणून विकायचं, ही तुमचीच योजना. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला अनुदानाच्या यादीत घेतलंत. बातमी वाचून मला आईची राख आठवली. वाटलं, चला, राखेला पुन्हा मान मिळाला. त्यात शंभरात साडेचौदा भाग पालाश असतं, म्हणजे लाल पोत्याच्या जागी चार पोती लागतील. चालेल, आमची तयारी होती. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यावर टनाला ४,२६३ रुपये भाव ठरला. किलोभर पालाश तीस रुपयांच्या आत. मी शेगावच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. दोघांनी नाव ऐकलं होतं, माल कुणाकडेच नव्हता. ऊस आमच्याकडचं पीक नाही. तो पिकतो नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे. तिथून चार-चार पोत्यांचं ओझं इथवर आणायचं भाडं कोण सोसणार, याचा विचार योजनेच्या कोणत्या पानावर आहे?

दुकानात काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे. मशीनवर अंगठा लावायचा, ते चालू झालं तर. युरिया हवा असेल तर सोबत दुसरं काहीतरी घ्या. त्याला लिंकिंग म्हणतात. दर खरिपात तुम्ही त्याच्याविरुद्ध आदेश काढता आणि दर खरिपात आम्ही नको असलेली बाटली घरी आणतो. लाल पोटॅश मागितलं की दुकानदार आधी आमच्या तोंडाकडे बघतो. म्हणजे, खरंच घेणार की नुसता भाव विचारताय?

महाग झालं की खोटं येतं. तीन सालांआधी गावात एक गाडी आली होती. पोतं नऊशेला. तांबडे खडे, दिसायला अगदी तसेच. दोघा-तिघांनी घेतलं, मीही एक घेतलं. घरी आल्यावर पोरीने पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून बघितलं. शाळेत शिकवलेलं तिला आठवलं होतं. खरं पोटॅश पाण्यात विरघळतं आणि त्याचा लाल अंश वर तरंगतो. यात वर काहीच आलं नाही. पाणी गुलाबी झालं आणि बुडाशी वाळू बसली. कितीतरी वेळ आम्ही तो पेला ओट्यावर ठेवून बघत होतो. त्या गाडीवाल्याचं नाव कुणाला माहीत नाही, पावती कुणाकडे नाही. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न आम्हालाच: तुम्ही पावतीशिवाय घेतलंच का?

का घेतलं? १,७०० आणि ९०० यांतल्या फरकामुळे घेतलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तुम्ही सगळ्या खतांच्या पोत्यांवर एकच नाव आणलंत. भारत युरिया, भारत डीएपी, भारत एमओपी. पोतं बदललं. त्याच्यावर देशाचं नाव आलं. देशाचं नाव लावलेलं पोतं देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला उचलता येईना, हे तुम्हाला लागत नाही का? मला लागतं.

मी काय मागतोय ते स्पष्ट लिहितो, म्हणजे निवेदन मोघम होतं असं कुणी म्हणायला नको. पालाशाचं अनुदान पोतं परवडेल एवढं करा, आणि ते हंगामाच्या आधी सांगा; पेरणीला महिना उरलेला असताना आम्हाला भाव कळायला हवा. जगात भाव उतरला तर तो उतार पोत्यापर्यंत येऊ द्या. माझ्या वावरातली माती माझ्या वावरातूनच न्या. काळ्या जमिनीचं माप वेगळं ठेवा. मळीच्या पालाशाला विदर्भापर्यंत यायचं भाडं द्या. युरिया महाग करा असं मी म्हणत नाही. ते म्हणायची माझी हिंमत नाही आणि ऐपतही नाही. पण दोन्हीच्या भावांत जे अंतर पडलंय ते तुम्ही पाडलंय, एवढं तरी कबूल करा. पुढच्या वेळी आम्हाला समतोल शिकवायला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्या तोंडी आमच्या अडाणीपणाची गोष्ट देऊ नका.

ते २००९ चे कृषी सहायक बदलून गेले. मध्ये एकदा स्टेशनवर भेटले, बायकोला घेऊन दर्शनाला आले होते. त्यांनी विचारलं, "पोटॅश टाकता ना?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. त्यांचा चेहरा पडू नये असं वाटलं. तो माणूस खरं सांगून गेला होता, त्याच्या खऱ्याला मागून आधार देणं तुमचं काम होतं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. वावरात जाता येत नाही, ओट्यावर बसतात. मी त्यांच्याशी तुमच्या बाजूने भांडलो होतो, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पोत्याची सवय लावू नको म्हणाले होते, तेही पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांचं न बोलणंच मला जास्त जड जातं.

आता महाराजांची पालखी पंढरपूरला निघेल. गावातले पंधरा-वीस जण जातात. ते निघाले की मागे राहिलेल्यांची बियाण्या-खताची जुळवाजुळव सुरू होते. शेजारचे दोघे आणि मी मिळून यंदा पोटॅशचं एक पोतं घ्यायचं म्हणतोय. एकाचे तीन वाटे, घमेल्याने मोजून. माणशी सोळा-सतरा किलो. ते तासातासाने पसरायचं की फक्त नाल्याकाठच्या पट्टीत टाकायचं, जिथे मागच्या साली पानं सगळ्यांत आधी जळाली, यावर काल रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो होतो.

डीएपीची दोन पोती मिळालीत. सोयाबीनचं बियाणं घरचं आहे, उगवण तपासून ठेवलंय. लाल खताचं अजून ठरलेलं नाही.

आपला,
शेगाव तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी